ॲल्युमिनियम कटरला चिकटतं, तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेबलावर ठेवायचं छोटं सीएनसी (संगणकावर चालणारं) मिलिंग मशीन, स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा भाग, जास्तीत जास्त १०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे). ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमची १२ मिमी जाड प्लेट आणि तिच्यात ८ मिमी खोल पॉकेट, म्हणजे कोरलेला खड्डा. कटर ६ मिमीचा, कार्बाइडचा, चार फ्लूटचा (चार दात आणि त्यांच्यामधल्या खोबणींचा), काळपट कोटिंगचा, मुळात स्टीलसाठी आणलेला. १ मिमी खोलीचा, पूर्ण रुंदीचा कट, फीड (टेबल सरकण्याचा वेग) ३०० मिमी प्रतिमिनिट, अधूनमधून ब्रशनं तेल. तिसऱ्या पासला आवाज बदलला, फ्लूटमध्ये ॲल्युमिनियम भरून बसलं आणि कटर तुटला. मग दुसरा कटर लावून तुम्ही जपून म्हणून फीड निम्मा केलात, तर तो पहिल्यापेक्षा लवकर तुटला. आता विचारताय, कूलंटचा (थंड करणाऱ्या द्रवाचा) पंप बसवू का?

पंप बसवायला हरकत नाही, पण तेवढ्यानं हे थांबणार नाही. दुसरा कटर लवकर का तुटला हे आधी समजून घेऊ, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

३०० चा फीड, १०,००० फेरे, चार दात. मिनिटाला ४०,००० वेळा कुठला ना कुठला दात धातूला भिडतो आणि तेवढ्या वेळात टेबल सरकतं ३०० मिमी. म्हणजे एका दाताच्या वाट्याला आले ०.००७५ मिमी, साडेसात मायक्रॉन. कार्बाइडची धार डोळ्यांना कितीही तीक्ष्ण दिसली तरी टोकाशी तिला थोडी गोलाई असतेच. स्टीलच्या कटरवर ती मुद्दाम ठेवतात, म्हणजे धार तुटत नाही, आणि कोटिंगच्या थरानं ती आणखी वाढते. ही गोलाईच काही मायक्रॉनांची असते. एवढा बारीक घास घ्यायला गेलेला दात धातू कापत नाही, त्याच्यावर घासत आणि त्याला दाबत पुढे जातो. घासण्यातून उष्णता तयार होते. ती घेऊन जायला जाड चिप, म्हणजे कापून निघणारा धातूचा तुकडा, नसते. मऊ पडलेलं ॲल्युमिनियम धारेवर लिंपलं जातं आणि पुढचा दात फिरून येईपर्यंत धारेची जागा त्या लिंपणानं घेतलेली असते. फीड निम्मा केल्यावर प्रत्येक दाताला उरले पावणेचार मायक्रॉन. म्हणजे घासणं दुप्पट झालं.

हळू चालवलं की कटर वाचतो, हे आपल्या सगळ्यांच्या हातात मुरलेलं असतं. ॲल्युमिनियममध्ये ते उलटं लागू होतं. कापताना तयार होणारी बरीचशी उष्णता चिपमध्ये जाते. चिप जाड असली आणि लगेच बाहेर पडली, तर उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. म्हणून मी नवीन माणसाला मिलिंग शिकवताना तापमान किंवा कूलंट हे शब्द सुरुवातीला काढतच नाही. दोनच प्रश्न विचारायला सांगतो: चिप पुरेशी जाड निघतेय का, आणि निघालेली चिप कापण्याच्या जागेवरून बाहेर जातेय का? तुमच्या सेटिंगमध्ये दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे.

आता कटर. चार फ्लूटच्या ६ मिमी कटरमध्ये दोन दातांमधली जागा अगदी अरुंद असते. स्टीलमध्ये चिप लहान आणि कडक येते, तिला ती पुरते. ॲल्युमिनियमची चिप मोठी आणि मऊ असते. ती त्या खोबणीत अडकते, पुढची तिला दाबते आणि काही सेकंदांत फ्लूट भरून गुळगुळीत दांडाच फिरायला लागतो. दांड्याला कापता येत नाही, पण टेबल त्याला पुढे ढकलत राहतं. तुटतो तो त्या क्षणी. म्हणून ॲल्युमिनियमसाठी दोन किंवा तीन फ्लूटचा कटर घ्यायचा. मला पॉकेट आणि स्लॉटसाठी (अरुंद खाचेसाठी) दोन, बाजूच्या भिंतींसाठी तीन आवडतात. तुमच्यासारख्या हलक्या मशीनवर एका फ्लूटचा कटरही उत्तम चालतो, कारण टेबल फार वेगानं पळू शकत नसेल तर दातांची संख्या कमी करणं हाच चिप जाड ठेवण्याचा सोपा मार्ग उरतो.

फ्लूटच्या संख्येनंतर धारेचा कोन. ॲल्युमिनियमच्या कटरचा रेक मोठा असतो, म्हणजे धार आत वळलेली आणि रंध्याच्या पात्यासारखी कापणारी. हेलिक्स, म्हणजे फ्लूटच्या पिळाचा कोनही जास्त, साधारण ३५ ते ४५ अंश, त्यामुळे चिप वर उचलली जाते. फ्लूटची आतली बाजू आरशासारखी पॉलिश केलेली हवी. ही चकाकी दिखाव्याची नसते, चिप तिच्यावरून घसरून जावी म्हणून ती असते. एकाच मापाचे पॉलिश असलेले आणि नसलेले कटर मी एकाच जॉबवर चालवून पाहिले आहेत. मऊ ग्रेडमध्ये फरक पहिल्या पॉकेटमध्येच दिसतो.

कोटिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे बरेच जण फसतात. तुमच्या कटरवरचा काळपट जांभळा थर बहुधा टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा आहे. स्टीलमध्ये तो अप्रतिम काम करतो, कारण गरम झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा संरक्षक थर तयार होतो. पण ॲल्युमिनियम कापताना याच कुळातला थर धातूला धरून ठेवतो. कोटिंग हवंच असेल तर झिर्कोनियम नायट्राइड, टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) घ्या. त्यांना ॲल्युमिनियम सहज चिकटत नाही. रंगावरून मात्र ठरवू नका. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी असतं आणि झिर्कोनियम नायट्राइडही फिकट सोनेरीच दिसतं, तेव्हा डबीवरचं नाव वाचून घ्या. आणि तुमच्या कामासाठी खरं सांगायचं तर कोटिंग नसलेला, पॉलिश केलेला, चांगल्या कार्बाइडचा कटर पुरेसा आहे. एकदा स्टीलमध्ये वापरलेला कटर ॲल्युमिनियमला लावू नका. मी दोन्हींच्या पेट्या वेगळ्या ठेवतो. स्टीलनं धार किंचित जरी बोथट केली असेल तरी ॲल्युमिनियम ते लगेच दाखवून देतं.

आता आकडे. ६ मिमी कटरचा परीघ साधारण १८.८५ मिमी. १०,००० आरपीएमला कापण्याचा वेग होतो मिनिटाला सुमारे १८८ मीटर. कार्बाइडनं ॲल्युमिनियम ३०० ते ५०० मीटरवरही आरामात कापतात, म्हणजे तुमचा स्पिंडल पूर्ण वेगानं फिरला तरी कटरला काहीच जड नाही. स्पीड कमी करण्यात फायदा नाही. फीड असा काढा: आरपीएम गुणिले दात गुणिले दरदाती फीड. ६ मिमीला ०.०३ ते ०.०६ मिमी हा दरदाती फीड सुरुवातीला योग्य. दोन फ्लूटवर ०.०४ धरला तर १०,००० × २ × ०.०४ म्हणजे ८०० मिमी प्रतिमिनिट. एका फ्लूटवर ०.०५ धरला तर ५००. तुमच्या ३०० पेक्षा हे बरंच जास्त आहे, आकडा टाकताना बोट अडखळेल. अडखळू द्या, पण टाका.

इथे एक अट मात्र आहे. हे आकडे मशीन आणि पकड घट्ट आहे असं धरून आहेत. कटर कॉलेटबाहेर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीबाहेर, किती निघालाय ते मोजा. दांडा वाकण्याचं प्रमाण बाहेर निघालेल्या लांबीच्या घनात वाढतं: लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट. ८ मिमी खोल पॉकेटसाठी २० मिमी पुरतात, ३५ मिमी बाहेर काढायची गरज नाही. मग रनआउट, म्हणजे कटर फिरताना किती डगमगतो, ते तपासा. डायल लावून स्पिंडल हातानं फिरवा. समजा सुई ०.०२ मिमी फिरली. दोन फ्लूटच्या कटरमध्ये, फ्लूट त्या बाजूला आले तर, एक दात ०.०४ ऐवजी ०.०६ घेतो आणि दुसरा ०.०२. म्हणजे एकावर भार दीडपट, तर दुसरा जवळजवळ घासणारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कॉलेटमध्ये अडकलेला धातूचा कण. कॉलेट, नट आणि स्पिंडलचा टेपर (कॉलेट बसतं तो निमुळता भाग) पुसून पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. कटर बदलण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करायची सवय लावलीत तर पुष्कळ कटर वाचतील.

आता वाट, म्हणजे टूलपाथ. तुम्ही पॉकेट पूर्ण रुंदीचे कट घेत कापताय. कटर समोरून आणि दोन्ही बाजूंनी धातूत गाडलेला असतो, चिपला वरच्या बाजूशिवाय वाट नसते आणि धारेचा अर्धा फेरा सतत धातूत जातो. याहून अवघड स्थिती मिलिंगमध्ये क्वचितच येते. त्याऐवजी बाजूनं थोडं थोडं आणि खोल कापा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडॅप्टिव्ह किंवा ट्रोकॉइडल नावाचा पर्याय असेल, तो हेच करतो. बाजूचा कट व्यासाच्या २० टक्के, म्हणजे १.२ मिमी ठेवा. खोली ४ मिमी, म्हणजे ८ मिमीचं पॉकेट दोन थरांत होईल.

इथे आणखी एक बारकावा आहे, माझ्या मते तो सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. बाजूचा कट व्यासाच्या निम्म्याहून कमी असला की चिप दरदाती फीडपेक्षा पातळ निघते, कारण दात धातूत तिरका शिरून लगेच बाहेर पडतो. २० टक्क्यांना ती सुमारे ०.८ पट होते, १० टक्क्यांना ०.६ पट. म्हणजे कागदावर ०.०४ लिहिलं आणि कट १० टक्के ठेवला, तर खरी चिप ०.०२४ ची निघते. पुन्हा घासण्याकडे वाटचाल. म्हणून बाजूचा कट कमी केला की फीड वाढवायचा. २० टक्क्यांना ०.०५ घ्या, खरी जाडी ०.०४ येते, फीड होतो १,००० मिमी प्रतिमिनिट. कोपऱ्यात मशीन थरथरत असेल तर खोली ४ वरून ३ किंवा २ करा, फीडला हात लावू नका. मशीन कमजोर असेल तर कटचा आकार लहान करायचा, चिपची जाडी नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाकडून हे मी वारंवार म्हणवून घेतलं आहे.

पॉकेटमध्ये उतरताना सरळ खाली घुसू नका. खाली घुसताना कटरच्या मधल्या भागाचा कापण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि चिपला वर यायला वाव मिळत नाही. २-३ अंशांच्या उतारानं किंवा गोल जिन्यासारखं फिरत उतरा. कटची दिशा क्लाइंब ठेवा, म्हणजे दात जाड बाजूनं शिरतो आणि पातळ बाजूनं सुटतो. उलट दिशेच्या, म्हणजे कन्व्हेन्शनल कटमध्ये तो शून्य जाडीपासून सुरू होतो, म्हणजे सुरुवातीला घासतोच. टेबलाच्या स्क्रूमध्ये बॅकलॅश (ढिलेपणा) जास्त असेल तर क्लाइंबमध्ये टेबल ओढलं जातं, तेव्हा आधी ते तपासा.

आणि आता कूलंट, ज्यावरून प्रश्न सुरू झाला. मिलिंगमध्ये कूलंटची कामं तीन: चिप हलवणं, धारेला धातू चिकटू न देणं आणि थंड करणं. ॲल्युमिनियमसाठी मी ती याच क्रमानं लावतो. ६०६१ साधारण ५८० अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि २०० अंशांच्या पुढेच त्याची ताकद झपाट्यानं उतरते, म्हणून थंडावा बिनकामाचा म्हणत नाही. पण चिप त्या जागी पडून राहिली तर कितीही पाणी ओतून भागत नाही. ती चिप दात पुन्हा कापतो, चिरडतो आणि धारेवर लिंपतो.

हे मला एका खोल पॉकेटच्या कामानं शिकवलं. मऊ ग्रेडची प्लेट होती, ३० मिमी खोल, चारही बाजूंनी बंद. कूलंट भरपूर वाहत होतं, पॉकेट काठोकाठ भरलेलं, आणि तरी कटर चिकटून तुटत होते. कूलंट अजून वाढवलं, तरी तेच. शेवटी मशीन थांबवून पॉकेटमध्ये पाहिलं, तर तळाशी चिपचा चिखल साचला होता आणि कटर त्यातच फिरत होता. वरून पडणारी धार पृष्ठभागावर आपटून बाजूला जात होती. नळी बंद केली, दाबाची हवा थेट कटरच्या टोकाशी सोडली आणि तिच्याबरोबर तेलाचे अगदी बारीक थेंब. उरलेली सगळी प्लेट एका कटरवर झाली.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी हवेचा झोत. लहान कंप्रेसर, अरुंद नोझल, कटरपासून तीन-चार सेंटिमीटरवर, चिप ज्या बाजूला उडायला हवी त्या दिशेनं. हवेत तेलाचा बारीक फवारा मिसळणारं युनिट लावलंत तर चिकटणंही थांबेल. तेल अगदी कमी लागतं. धारेवर पातळ थर राहिला की काम झालं, जॉब ओला दिसायची गरज नाही. असा फवारा उघड्या मशीनवर श्वासात जातो, त्यामुळे मात्रा कमीत कमी, झडप ठीक आणि खोलीत हवा खेळती हवी. मशीन पूर्ण बंदिस्त असेल आणि काम दिवसभर चालणार असेल तर पाण्यात मिसळायचं कूलंट उत्तमच. ६ ते १० टक्के ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा आणि डबीवर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलंय का ते पाहा. जास्त क्षारीय कूलंटनं जॉबवर काळे डाग पडतात. रॉकेल किंवा स्पिरिट वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. चिकटणं त्यानं कमी होतं हे खरं आहे, पण उघड्या मोटरशेजारी ज्वलनशील वाफ तयार करायची मी कुणालाच शिफारस करत नाही. आणि ब्रशनं तेल लावायचं तर स्पिंडल थांबवून. फिरत्या कटरजवळ हात न्यायचा नाही. चिपही हातानं नाही, ब्रशनंच काढायच्या.

थंडाव्याचं खरं महत्त्व फिनिशिंगला कळतं. ॲल्युमिनियम अंशागणिक स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, मीटरला सुमारे २३.६ मायक्रॉन. २५० मिमीचा जॉब १५ अंशांनी तापला तर जवळजवळ ०.०९ मिमी वाढतो. मी एकदा रफिंग (सुरुवातीचं ढोबळ कापणं) संपल्या संपल्या फिनिश पास घेतला, माप मशीनवर अचूक आलं आणि सकाळी तोच जॉब लहान भरला. तेव्हापासून घट्ट मापाच्या जॉबला रफिंगनंतर थंड होऊ देतो, मग पकड सैल करून पुन्हा आवळतो आणि ०.२ मिमीचा फिनिश पास घेतो.

हे सगळं ग्रेडवरही अवलंबून आहे. ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६ (टी६ म्हणजे उष्णतोपचारानं कठीण केलेलं) स्वच्छ कापतात. ७०७५ जास्त कठीण असूनही चिप छान तुटते, त्यामुळे अनेकांना तेच सोपं वाटतं. ५०५२ आणि शुद्ध ॲल्युमिनियमच्या जवळचे ग्रेड चिवट आणि चिकट असतात, तिथे तेलाशिवाय काम करू नका. कास्टिंगमध्ये सिलिकॉन असतं: चिप बारीक येते, चिकटणं कमी, पण धार घासली जाते. १७ टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूला तर पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या धारेचं) टूलच हवं. आणि कुठल्या ग्रेडचा आहे हे माहीत नसलेला भंगारातला तुकडा असेल, तर आधी कडेला एक छोटा कट घेऊन चिप पाहा. तुमच्या प्लेटवर ६०६१ लिहिलंय म्हणता, पण त्याच्यापुढे टी६ आहे का तेही बघा. उष्णतोपचार न केलेलं ६०६१ पुष्कळ मऊ असतं.

चिकटलेला कटर फेकू नका, धार शाबूत असेल तर. कोटिंग नसलेल्या कार्बाइड किंवा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरवरचं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळतं आणि कटरला काही होत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, पाण्यात थोडा थोडा सोडा टाकून द्रावण करा, सोड्यावर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, त्यामुळे उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. नंतर धुऊन, पुसून, भिंगातून धार तपासा.

नवीन कटर लावल्यावर पहिला कट वीस-तीस सेकंदच चालवा आणि थांबवा. चिप बोटावर घेऊन पाहा: एक बाजू चकचकीत, वळलेली, हातात तिची जाडी जाणवते, तर फीड बरोबर आहे. पिठासारखी भुकटी असेल तर दात घासताहेत, फीड वाढवा. मग कटरची धार बघा. रुपेरी ठिपका दिसला तर तो तिथेच खरवडून काढा आणि हवेची दिशा बदला. पुढे जाऊ नका, ठिपका वाढतच जातो. कानही तयार होतील. नीट कापताना सलग, घट्ट असा आवाज येतो, घासताना चिरचिर आणि चॅटर (कटरची थरथर) असेल तर किंचाळी.

आणि त्या प्लेटवर पुन्हा काम सुरू करण्याआधी एक करा. दोन कटर तुटले आहेत, तेव्हा पॉकेटच्या तळाशी किंवा लिंपलेल्या ॲल्युमिनियमखाली कार्बाइडचा तुकडा दबलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो भिंगातून शोधा आणि टोकदार अवजारानं उचलून काढा. नवा कटर त्याच्यावर आदळला, तर फीड कितीही बरोबर असला तरी पहिल्याच फेऱ्यात तुटेल.